रफू, ठिगळ आणि अस्तर : अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेचा एक मागोवा

येवल्याच्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा आजोबांची लाकडी पेटी माझ्या वाट्याला आली. पेटीत मागाच्या दोन झिजलेल्या फण्या, एक धोटा, हिशेबाची वही आणि तळाशी एक कापडी पट्टा होता. चार बोटे रुंद, दुहेरी शिवलेला, दोन्ही टोकांना बंद. आणि मध्यावर कापूस व चिंध्या भरून शिवलेली, मुठीएवढी घट्ट गादी. माझ्या बायकोला वाटले, पाठदुखीचा पट्टा असेल. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, तो हातात घेतला आणि म्हणाले, "पाठीचा नाही रे. हा जांघेचा. बाबा रात्री गुपचूप शिवत बसायचे."

आजोबा पैठणी विणायचे. १९७४ च्या श्रावणात एका दुपारी त्यांच्या पोटात कळ उठली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी अजीर्ण समजून ओवा दिला, पोट शेकले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना बैलगाडीतून, मग मोटारीतून मनमाडकडे नेले, पण उशीर झाला होता. घरात आम्हां मुलांना सांगितले गेले, "आजोबा पोटशूळाने गेले." तो पोटशूळ नव्हता हे मला पन्नास वर्षांनी त्या पट्ट्याने सांगितले. जांघेतून उतरलेले आतडे तिथेच अडकले, त्याचा रक्तपुरवठा तुटला आणि ते सडले. हा आजार त्यांनी निदान दहा वर्षे तरी अंगावर काढला असावा, आणि धोतराखालच्या या पट्ट्याखेरीज तो कोणालाही कळू दिला नसावा.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. वैद्यकाचा मी अभ्यासक नव्हे. पण त्या पट्ट्यानंतर या आजाराचा इतिहास वाचत गेलो, आणि वाचता वाचता लक्षात आले की ही गोष्ट पुष्कळ अंशी कापडाची, धाग्याची आणि ताणाची आहे. विणकरांच्या गावातून ती सांगायला म्हणूनच हरकत नसावी.

नावांचा घोळ

मराठीत या आजाराला अंतर्गळ म्हणतात. आता सर्रास हर्निया म्हणतात. पण बोलण्यात जांघेतली किंवा वृषणातली कुठलीही सूज 'अंडवृद्धी' या एकाच नावाखाली जाते. तिथे साचलेले पाणी म्हणजे हायड्रोसील वेगळे आणि पोटातून उतरलेले आतडे वेगळे, हा भेद लोक करत नाहीत. पाणी साचणे बहुधा जिवावर बेतत नाही, आतडे अडकणे मात्र बेतते. "शेजारच्याला पण होतं, त्याला काय झालं?" या वाक्यात जी बेफिकिरी असते तिचे मूळ या नावांच्या घोळात आहे.

सुश्रुताने हा घोळ केलेला नाही. सुश्रुतसंहितेत वृद्धिरोगाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत मूत्रवृद्धी वेगळी आणि अंत्रवृद्धी वेगळी. मूत्रवृद्धीत छिद्र पाडून पाणी काढावे असे तो सांगतो. अंत्रवृद्धीची कारणे सांगताना तो जड ओझे वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशा श्रमांचा उल्लेख करतो. लक्षणही नेमके देतो : दाबले की सूज आवाज करत वर जाते, हात सोडला की पुन्हा भरते. आजचा डॉक्टर रुग्णाला उभे करून, खोकायला लावून, बोटाने जे तपासतो ते याहून फार वेगळे नाही. इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्येही, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास, खोकल्याबरोबर पुढे येणाऱ्या सुजेची नोंद आहे.

उपायाच्या बाबतीत सुश्रुत प्रांजळ आहे. आतडे वृषणकोशात उतरले असेल तर तो ते असाध्य मानतो. ते अजून जांघेतच असेल तर अर्धचंद्राकृती तोंडाच्या शलाकेने तिथे डाग द्यावा असे सांगतो. डागामागचा तर्क बहुधा वाट बंद करण्याचा असावा : भाजलेली जागा आकसते, कठीण होते. वाट बंद करायची हे बरोबर होते. कशी करायची, हा प्रश्न मात्र पुढे दोन हजार वर्षे सुटला नाही.

पट्ट्याचे युग

युरोपातही निराळे चित्र नव्हते. मध्ययुगात गावोगाव फिरणारे अंतर्गळ कापणारे लोक असत. ते पुष्कळदा पिशवीबरोबर वृषणही काढून टाकत. शहाणा माणूस त्यांच्यापेक्षा पट्ट्यावर विसंबे. लंडनमध्ये १८०७ साली गरिबांना असे पट्टे देणारी एक संस्थाच निघाली होती, सिटी ऑफ लंडन ट्रस सोसायटी. कारखान्यात, गोदीत, शेतात राबणाऱ्यांची संख्या मोठी, आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेपेक्षा पोलादी स्प्रिंगचा पट्टा बरा, असा तो काळ होता. आजोबांचा पट्टा त्याच जातीचा. फक्त स्प्रिंगच्या जागी येवल्याची चिंधी होती.

पट्टा आजार बरा करत नाही. तो भोकावर बाहेरून बोळा दाबून धरतो. बोळ्याच्या बाजूने आतडे निसटले तर पट्टाच त्याला अडकवून ठेवू शकतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथली कातडी आणि स्नायू झिजतात. आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो तोटा असा की पट्टा आजार लपवतो, डॉक्टरपासूनही आणि स्वतःपासूनही.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इंग्लंडमधील ॲस्टली कूपर, इटलीतील अँटोनियो स्कार्पा, जर्मनीतील हेसेलबाख यांनी शवविच्छेदनातून जांघेच्या भिंतीचे थर उलगडले. वृषण गर्भावस्थेत पोटात तयार होतो आणि जन्माआधी खाली उतरतो. तो ज्या वाटेने उतरतो ती पुढे मिटायला हवी. कुणाची मिटत नाही, कुणाची मिटलेली जागा उतारवयात सैल पडते. पुरुषांत हा आजार अधिक दिसण्याचे कारण ही वाट. त्यात जुनाट खोकला, शौचाला कुंथणे, लघवीला जोर लावावा लागणे, ओझी उचलणे यांनी आतून दाब वाढत राहतो.

येवल्यात मला अनेकांनी विचारले, खड्ड्याच्या मागावर बसून हे होते का? विणकर खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत, दिवसाचे आठ-दहा तास वाकून बसतो हे खरे. पण बसून विणण्याला दोष द्यावा असे मला कुठे सापडले नाही. आमच्या बाजारात कांद्याची पोती वाहणारा हमाल, बिडी ओढून रात्रभर खोकणारा म्हातारा, ही माणसे अधिक जोखमीची. आजोबा विणायचेही आणि खोकायचेही.

पादुआचा शिंपी

शस्त्रक्रियेने हा आजार बरा होऊ शकतो हे सिद्ध करणारा माणूस एदोआर्दो बासीनी. इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात, १८६७ साली रोमजवळच्या विला ग्लोरीच्या चकमकीत या तरुण डॉक्टरच्या उजव्या जांघेत संगीन घुसली. जखमेतून मल वाहू लागला. तो कैद झाला, महिनोन् महिने अंथरुणावर राहिला आणि वाचला. ज्याला स्वतःच्या जांघेच्या भिंतीला भोक पडल्याचा अनुभव होता, त्यानेच पुढे ती भिंत कशी शिवावी हे जगाला दाखवले.

त्याच १८६७ साली जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा जंतुविरहित ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गुंगीचे औषध त्याआधी वीस वर्षे आले होते. ही दोन साधने नसती तर बासीनीला काही करता आले नसते. १८८४ पासून पादुआ येथे त्याने आपली शस्त्रक्रिया सुरू केली. तोवरचे शल्यविशारद बाहेर आलेली पिशवी बांधून वरवर टाके घालत. बासीनीने भिंतीचे थर उघडून पिशवी वर बांधली आणि मग मागच्या बाजूचे तीन थर एकत्र घेऊन ते खालच्या बंधाला शिवले. शिवाय त्याने एक इतिहासकाराला आवडेल अशी गोष्ट केली : रुग्णांचा नंतर पाठपुरावा ठेवला. १८९० मध्ये त्याने २६२ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला तेव्हा आजार उलटल्याची उदाहरणे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अमेरिकेत हॉलस्टेड याच सुमारास अशाच निष्कर्षाला आला होता. पुढे टोरोंटोत शोल्डिस यांनी याच पद्धतीत सुधारणा करून चार पदरांची शिवण रूढ केली; १९४५ साली त्यांनी केवळ याच आजारासाठी रुग्णालय काढले.

हे मी काकांना सांगितले तेव्हा ते सहज म्हणाले, "म्हणजे रफू. पण रफू केलेलं कापड ताणलं की शेजारून फाटतं."

शल्यविशारदांना हे कळायला जवळपास शंभर वर्षे लागली. बासीनीच्या पद्धतीत एकमेकांपासून दूर असलेले दोन काठ ओढून जवळ आणावे लागतात. टाके पडतात, पण ते कायम ताणाखाली राहतात. रुग्ण खोकला, शिंकला, पोते उचलले की ताण टाक्यांवर. बासीनीच्या हातून जे जमले ते घाईने, थर नीट न उलगडता करणाऱ्यांच्या हातून जमले नाही, आणि आजार उलटत राहिला.

ताण काढून घेणे

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धागे आले. टेक्सासच्या फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये पॉलिएथिलीनच्या जाळीचा वापर मांडला, पुढे काही वर्षांत पॉलिप्रोपिलीनची जाळी आली. लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी काठ ओढायचेच नाहीत असे ठरवले. भोक आहे तिथे राहू द्यायचे, त्यावर मोठे ठिगळ सैलसर अंथरायचे आणि कडेने टाचायचे. १९८९ मध्ये त्यांनी एक हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि 'ताणाविना दुरुस्ती' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. ही शस्त्रक्रिया जागा बधिर करूनही होते, त्यामुळे वृद्ध आणि हृदयरुग्णांनाही ती सोसते.

काकांच्या हातात मी अशा जाळीचा एक तुकडा ठेवला, एका ओळखीच्या डॉक्टरांकडून आणलेला. त्यांनी तो उजेडात धरला, ओढून पाहिला, आणि म्हणाले, "ही मागावरची नाही. ताणा-बाणा नाही हिला. स्वेटरसारखी गुंफलेली आहे." त्यांचे निरीक्षण अचूक होते. शस्त्रक्रियेची जाळी बहुधा फंदे गुंफून केलेली असते, त्यामुळे ती कापली तरी उसवत नाही आणि सर्व बाजूंनी थोडी लवते. तिची भोके मुद्दाम मोठी ठेवतात, कारण शरीराच्या पेशी त्यांतून आरपार वाढतात आणि काही आठवड्यांत जाळी भिंतीचाच भाग बनते.

१९९० च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. तिच्यात जाळी बाहेरून नव्हे तर आतून, भिंतीच्या मागे लावतात. हे ठिगळ नव्हे, अस्तर. आतला दाब अस्तराला भिंतीवरच दाबून धरतो. दोन्ही बाजूंना अंतर्गळ असेल किंवा पूर्वी बाहेरून झालेली शस्त्रक्रिया उलटली असेल तर ही पद्धत विशेष सोयीची. मात्र तिला बहुधा पूर्ण भूल, महाग साधने आणि सरावलेला हात लागतो.

दोंडाईचा आणि पुणे

इथवरची कथा परदेशातली. पण या इतिहासातली दोन पाने आपल्या महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत, आणि त्यांतले एक आमच्या उत्तर महाराष्ट्रातच.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे काम करणारे शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांच्यासमोर प्रश्न साधा होता : जाळी उत्तम, पण परदेशी जाळीच्या एका तुकड्याला शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी लागते. त्यांनी बाजारातल्या मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिले. ते कापडही पॉलिएथिलीन-पॉलिप्रोपिलीन जातीच्याच धाग्याचे, गुंफलेले, जाळीदार. त्याचे तुकडे निर्जंतुक करून त्यांनी आणि इतर ठिकाणच्या सहकारी शल्यविशारदांनी रुग्णांवर वापरले आणि २००३ साली आपला अनुभव भारतीय शल्यविशारदांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तुकड्याची किंमत नगण्य होती, परिणाम महाग जाळीच्या तोडीचे.

पुढे बुर्किना फासो, घाना अशा देशांत मच्छरदाणीची जाळी वापरली गेली आणि तपासली गेली. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये युगांडातील चाचणी आली. ३०२ पुरुषांपैकी निम्म्यांना मच्छरदाणीची आणि निम्म्यांना कंपनीची जाळी बसवली होती. वर्षभरानंतर आजार उलटला तो पहिल्या गटात एकाचा, दुसऱ्यात कोणाचाही नाही. बाकी त्रास दोन्हीकडे सारखाच. दोंडाईच्याला गरजेपोटी सुचलेली गोष्ट अशी जगाच्या तराजूत तोलून निघाली. येथे एक खुलासा हवा : औषध मारलेली मच्छरदाणी यासाठी चालत नाही, आणि कापडाची जात व निर्जंतुकीकरण दोन्ही तपासूनच ते वापरले जाते.

दुसरे पान पुण्याचे. डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच नको असा मार्ग काढला. जांघेच्या भिंतीच्या सर्वात बाहेरच्या थराचा कणखर पडदा असतो. त्याचीच एक पट्टी, दोन्ही टोके न तोडता, बाजूला वळवून त्यांनी ती कमजोर जागेवर शिवली. पट्टी जिवंत राहते, स्नायू आवळला की तीही ताठ होते. २००१ मध्ये त्यांनी ४०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर झालेल्या तुलनेत तीन वर्षांनंतर देसरडा आणि लिख्टेनस्टाइन दोन्ही गटांत प्रत्येकी दोघांचा आजार उलटला होता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कल अजूनही जाळीकडे आहे आणि जाळी नको असेल तर त्या शोल्डिस पद्धत सुचवतात. तरी पुण्याची ही पट्टी अनेक देशांतल्या शस्त्रक्रियागृहांत पोहोचली आहे.

काकांना देसरडांची पद्धत सर्वात आवडली. "त्याच कापडातली पट्टी काढून त्यालाच लावली. रंग जुळायची चिंता नाही."

काकांची गोष्ट

हे सारे मी काकांना का सांगत होतो, हे आता सांगायला हवे. पट्टा ओळखणाऱ्या काकांनी तो ज्या सहजतेने कमरेला लावून दाखवला, त्यावरून मला शंका आली. मी विचारले, "काका, तुम्हाला आहे का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार वर्षं झाली. निजलं की आत जातं. काही दुखत नाही."

दुखत नाही, हे वाक्य आजोबाही म्हणत असणार. जांघेत उभे राहिल्यावर, खोकल्यावर येणारा आणि निजल्यावर जाणारा मऊ फुगवटा, संध्याकाळी जड वाटणे, ओढ लागणे, ही अंतर्गळाची नेहमीची खूण. तो प्रत्येक वेळी धोक्याचाच असतो असेही नाही. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ७२० पुरुषांच्या अभ्यासात, फारसा त्रास नसलेल्यांनी डॉक्टरांच्या नजरेखाली वाट पाहिली तर आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण फार थोडे, हजार रुग्णवर्षांत दोनहून कमी, आढळले. पण त्याच लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा दहा वर्षांत दोनतृतीयांश जणांनी त्रास वाढल्याने शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे वाट पाहणे हा मार्ग आहे, पण तो डॉक्टरला दाखवून वाट पाहणे. पट्ट्याखाली लपवून नव्हे.

फुगवटा एकाएकी कठीण झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या, वारा आणि शौच बंद झाले, वरची कातडी लाल-काळी दिसू लागली, तर मात्र तासांचा हिशेब असतो. त्या वेळी शेकायचे नाही, ओवा द्यायचा नाही, जोर लावून ढकलायचे नाही. शस्त्रक्रिया होते तिथे थेट जायचे.

बायकांची गोष्ट निराळी आणि अधिक दुर्लक्षित. त्यांच्यात जांघेच्या किंचित खालचा, मांडीच्या मुळाशी येणारा प्रकार पुरुषांपेक्षा अधिक दिसतो, तो लहान असतो आणि लवकर अडकतो, म्हणून त्यांनी वाट पाहू नये असा सल्ला आहे. बाळंतपणानंतर बेंबीत किंवा सिझेरियनच्या वणाजवळ येणारा फुगवटाही अंतर्गळच. तान्ह्या मुलांत, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत, तो आढळला तर जाळीची गरज नसते, न मिटलेली पिशवी बांधली की पुरते. पण उशीर करून चालत नाही.

काकांनी दोन महिने विचार केला. मी त्यांना तोटेही सांगितले होते : कोणतीही पद्धत घेतली तरी साधारण दहातल्या एकाला दीर्घकाळ दुखत राहते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आजार उलटू शकतो. त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. तुम्ही कोणती पद्धत नेहमी करता? उलटली तर काय? आणि मी मागावर कधी बसू? पहिला प्रश्न त्यांचा स्वतःचा होता आणि मला तो सर्वात शहाणा वाटला. कारण बासीनीपासूनचा सारा इतिहास हेच सांगतो की पद्धतीइतकाच तिच्यावर बसलेला हात महत्त्वाचा.

बाहेरून जाळी बसवण्याचे ठरले, कमरेत भूल देऊन. दुसऱ्या दिवशी ते चालत घरी आले. बिडी त्यांनी आधीच सोडली होती, डॉक्टरांची अटच होती ती. सव्वा महिन्याने मागावर बसले. संक्रांतीला गच्चीवर येऊन पतंगाची चक्री धरली.

आजोबांचा पट्टा मी वस्तुसंग्रहालयाला देणार होतो. काकांनी अडवले. म्हणाले, "घरातच राहू दे. पोरांना दाखवायला." आता तो बैठकीच्या कपाटात, फण्या आणि धोट्याशेजारी आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? आणि आम्ही नाव घेऊन सांगतो.